नर्सिंगच्या शैक्षणिक कर्जाला माफी असते का? हप्ता सुरू झालाय

रावेरची सिस्टर

नमस्कार. मी 2024 ला बी.एस्सी. नर्सिंग पास झाले. सध्या जळगावला एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे, पगार हातात 14,000. रूमचं भाडं आणि डब्याचे पैसे गेले की फारसं काही उरत नाही.

2020 ला सरकारी बँकेतून 4 लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं, पप्पा सहकर्जदार. दरवर्षी एक लाख कॉलेजच्या खात्यात जायचे. व्याज 10 टक्के. आता सवलतीची मुदत संपली आणि बँकेने 5 लाख 40 हजार बाकी दाखवली. 10 वर्षांचा हप्ता 7,100 च्या वर बसतो. पगाराचा निम्मा!

पप्पा म्हणतात, 2019 च्या कर्जमुक्तीत आपलं पीककर्ज गेलं, तसं हेही सरकार एक दिवस माफ करेल, थोडी थांब. मावसभावाने एक व्हिडिओ पाठवला, नवीन नर्सेसचं कर्ज सरकार फेडतं म्हणून. शोधलं तर सगळं अमेरिकेचं निघालं. आपल्याकडे असं काही आहे का? आम्ही ओबीसीत येतो. कर्जाच्या वेळी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला दिला होता, 2 लाख 80 हजारांचा. धाकटी बहीण यंदा बारावीला आहे, तिलाही नर्सिंगच करायचंय, पण माझा हप्ता बघून घरात आता तिच्या शिक्षणाचा विषयच कुणी काढत नाही.

धुळ्याची परिचारिका

बेटा, आधी अमेरिकेचं मिटवून टाकू, नाहीतर जीव तिथेच अडकून राहतो. तिथे नर्स कोअर नावाची केंद्र सरकारची योजना आहे. टंचाई असलेल्या दवाखान्यात 2 वर्षं काम करायचं, त्या बदल्यात शिल्लक कर्जाचा 60 टक्के भाग सरकार भरतं. तिसरं वर्ष केलं तर आणखी 25 टक्के. पण त्याला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं आणि नर्सिंगचं शिक्षणही तिथलंच लागतं. दुसरी योजना 2007 पासूनची: सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत 120 हप्ते भरले की राहिलेलं माफ, तेही फक्त तिथल्या केंद्र सरकारकडून घेतलेल्या कर्जाला. तू उद्या तिकडे गेलीस तरी इथल्या बँकेचं कर्ज त्यात बसणार नाही.

महाराष्ट्रात नर्सेससाठी अशी सेवेच्या बदल्यात कर्ज फेडणारी योजना नाही. असायला हवी, असं मी मनापासून म्हणते. सातपुड्याच्या पाड्यांवर जिथे शहरातली मुलगी टिकत नाही, तिथे 2 वर्षं राहणाऱ्या पोरीचं कर्ज सरकारने उचललं तर तिचंही भलं आणि तिथल्या बाळंतिणीचंही.

आणि पप्पांना नीट समजावून सांग, माफीची वाट बघत हप्ता थकवायचा नाही. माझ्या वॉर्डातल्या एका पोरीच्या घरी हेच झालं. हप्ता 90 दिवसांपुढे थकला, खातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांत गेलं. वडील सहकर्जदार, त्यामुळे त्यांचाही सिबिल खराब झाला. जूनमध्ये कपाशीचं बियाणं घ्यायला पीककर्ज मागायला गेले, तर बँकेने नाही म्हणून सांगितलं. शेवटी सावकाराकडून उचललं. लेकीचं कर्ज वेगळं आणि शेतीचं वेगळं, असं ते धरून चालले होते. बँकेच्या लेखी माणूस एकच असतो.

भुसावळचा निवृत्त बँकवाला

धुळ्याच्या सिस्टरांनी लिहिलं ते बरोबर आहे. मी तुझ्या आकड्यांकडे वेगळ्या नजरेने बघितलं. पहिल्या लाखाचं 5 वर्षांचं व्याज, दुसऱ्याचं 4, तिसऱ्याचं 3, चौथ्याचं 2 वर्षांचं. 10 टक्के सरळ व्याजाने हे बरोबर 1 लाख 40 हजार होतात. म्हणजे तुझ्या खात्याला व्याज सवलत लागलेलीच दिसत नाही!

केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना 2009 पासून चालू आहे. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल, तर तू कर्ज घेतलंस तेव्हाच्या नियमाप्रमाणे साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाचा काळ अधिक 1 वर्ष, एवढ्या मुदतीचं पूर्ण व्याज सरकार भरतं. तुझा दाखला 2 लाख 80 हजारांचा. मग हे व्याज तुझ्या डोक्यावर आलं कसं, हा प्रश्न शाखेला विचारायचा, आणि तोंडी नाही, लेखी. अर्जाला दाखल्याची प्रत जोड, आपल्याकडच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घे. दावा शाखेने वर पाठवायचा असतो, नोडल बँक कॅनरा बँक आहे. मागच्या वर्षांचा दावा आता घेता येत नाही असं म्हणाले, तर तेही लेखी माग. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

दुसरं, मुदत 15 वर्षं करून माग. 5 लाख 40 हजारांवर हप्ता 5,800 च्या आसपास येईल. व्याज सवलत मिळून 4 लाखांवर आलीस तर 4,300. एकूण व्याज जास्त जातं हे खरं, पण आज खातं नियमित राहणं महत्त्वाचं. पगार वाढला की जादा भरत जा. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत कमी पगाराच्या काळात हप्त्याला काही महिने थांबा देण्याचीही सोय आहे. आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो आणि शाखा ठरवते.

ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, देशातल्या शिक्षणासाठी 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला. आधी हप्ता वेळेवर भरायचा, मग व्याजाचा भाग परत येतो. जिल्हा कार्यालयात मंजुरीपत्र घेऊन जा आणि जुन्या कर्जाला लागते का ते विचार. आणि "माफी करून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्या एजंटाला दारातही उभं करू नका.

रावेरची सिस्टर

सर, खूप आभार. दाखल्याची झेरॉक्स घरी फाइलमध्ये आहे. शाखेत विचारलं होतं, तेव्हा काउंटरवर म्हणाले, तुमच्या कॉलेजला नॅक (कॉलेजच्या दर्जाचं मूल्यांकन) नाही म्हणून सवलत नाही.

भुसावळचा निवृत्त बँकवाला

2018 पासून नॅक किंवा एनबीएची (अभ्यासक्रमाच्या दर्जाचं मूल्यांकन) अट आली हे खरं. पण जे व्यावसायिक अभ्यासक्रम त्या दोन्हींच्या कक्षेत येत नाहीत, त्यांना संबंधित परिषदेची मान्यता चालते, आणि नर्सिंगसाठी नर्सिंग कौन्सिलचा उल्लेख त्याच नियमात आहे. तुझ्या प्रवेशाच्या वर्षाचं इंडियन नर्सिंग कौन्सिलचं मान्यतापत्र कॉलेजकडून घे आणि अर्जाला जोड.

तोरणमाळ रोड

मी नंदुरबार जिल्ह्यात उपकेंद्राला सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. कंत्राटी आहे, पण 25,000 आणि कामावर आधारित 15,000 पर्यंत. राहायचा खर्चही कमी. जाहिरात आली की भर. एम्सची नॉरसेट (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) पण देत राहा, तिथे मूळ वेतनच 44,900 आहे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हाताशी ठेव.

धुळ्याची परिचारिका

बहिणीचं राहिलं. तिला थांबवू नका. तुझ्या वेळी नव्हतं ते आता आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. फक्त प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झाला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. म्हणून नर्सिंगची सीईटी द्यायचीच. होस्टेल आणि मेसचा खर्च घरूनच करावा लागेल, तेवढा धरून चाला. तिचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर आत्ताच काढायला टाका, निकालानंतर सेतूवर फार गर्दी होते.