लाल द्रव आला, पण ‘१२ तास निश्चिंत’ या दाव्याचे काय?

कृष्णाकाठ
ब्रिटनमध्ये २०१७ साली बॉडीफॉर्म या पॅडच्या ब्रँडने जाहिरातीत निळ्याऐवजी लाल द्रव दाखवला, आपल्याकडेही तो दिसू लागला, तेव्हा बायकांनी आता पॅडच्या जाहिरातींवर तक्रार करू नये, असे येथे काल एकांनी लिहिले. ते वाचून राहवले नाही. रंगाने माझे काहीच बिघडले नव्हते. बिघडवले ते ‘१२ तास निश्चिंत’ या आश्वासनाने. शाळेत असताना माझे पॅड दोन तासांत भरून जाई, बाकावरून उठण्यापूर्वी मी मैत्रिणीला मागे पाहायला सांगत असे, आणि जाहिरातीतली मुलगी पांढऱ्या कपड्यांत उड्या मारत असल्यामुळे दोष माझ्याच लावण्यात आहे, अशी आईची व माझी समजूत होती. पुढे गर्भाशयात गाठी निघाल्या, तोवर रक्त पार कमी झाले होते.

दुकानदार
तुम्हाला त्रास झाला याचे वाईट वाटते, परंतु निदान करणे हे जाहिरातीचे काम नव्हे. १९८० च्या भारतीय मानकातही पॅडची परीक्षा ३० मिलिलिटर द्रव ओतूनच करायची होती. प्रत्येकीच्या अंगावरून किती जाते, हे कंपनीला कसे कळणार?

कृष्णाकाठ
कळत नाही, तर १२ तासांची हमी कशाच्या जोरावर देतात? शिवाय जाहिरातीतला द्रव पाण्यासारखा पातळ असतो. रक्ताच्या गाठी पडणाऱ्या स्रावाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

माजघर
मी साठीच्या पुढची, रत्नागिरीकडची. पावसाळ्यात पाळीच्या घड्या परकराखाली झाकून दाराआड वाळत घालायच्या आणि वाळल्या नाहीत तरी दमटच वापरायच्या, हे मी वर्षानुवर्षे केले आहे. टीव्हीवर ही जाहिरात लागली की घरातले पुरुष उठून जात, पण सुनेला तिच्यामुळेच दुकानात तोंड उघडून पॅड मागता आले. व्हिस्परने २०१४ मध्ये पाळीतही लोणच्याला हात लावायला सांगितले, तेव्हा आमच्याकडे बाजूला बसणे चालूच होते. अशा जाहिरातींना सरसकट लबाड म्हणू नका.

रास्ता पेठ
तुम्ही सगळे पॅड वापरून होईपर्यंतचेच बोलत आहात. नंतर ते कोण उचलते? पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी २०१३ साली वापरलेले पॅड गोळा करून कंपन्यांना परत पाठवले होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कंपन्यांवर वेष्टन किंवा पिशवी देण्याची जबाबदारी टाकली. तरीही आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात उघडे पॅड सापडतात आणि कचरा घेणाऱ्या ताई ते हाताने वेगळे करतात.

दुकानदार
कचऱ्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. वर्तमानपत्रात गुंडाळून, आत पॅड आहे हे कळावे म्हणून वर लाल ठिपका काढायला सोसायटीतल्या सुशिक्षितांना कोणी अडवले आहे? स्वतःच्या घरचा आळस कंपनीच्या माथी मारू नये.

रास्ता पेठ
आळस म्हणण्यापूर्वी एकदा त्या ताईंच्या शेजारी उभे राहा! जाहिरातीत ‘कापसासारखा मऊ’ असे घोकून घेतात, म्हणून लोक त्याला कापूस समजतात आणि कोणी ओल्या कचऱ्यात टाकते, कोणी संडासात. खालचा थर प्लास्टिकचा आणि आत पाणी धरून फुगणारे पॉलिमर आहे, हे जाहिरात सांगत नाही. मग हा विषय जाहिरातीच्या प्रामाणिकपणाचा नाही, तर कशाचा?

कृष्णाकाठ
माजघर काकू, जाहिरातीने तोंड उघडायला शिकवले हे मला नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. पण त्यामुळे आतला माल लपवण्याची मुभा मिळत नाही. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या पर्यावरण संस्थेने २०२२ मध्ये तपासलेल्या दहाही पॅडमध्ये थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायने आढळली, आणि त्यांत ‘ऑर्गॅनिक’ म्हणून विकली जाणारीही होती. माझ्यासमोरच्या पाकिटावर किंमत, नग आणि लांबी आहे, वर फुलांचे चित्र आहे, परंतु सुगंध कशाचा, याचा एक शब्द नाही.

दुकानदार
घटकांची यादी छापावी, एवढे मान्य. १२ तासांच्या दाव्यावरून मात्र उगाच रान उठवले जात आहे, कारण तो कोणी शब्दशः घेत नाही. मुली विचारतात, तेव्हा मी स्वतः त्यांना चार ते सहा तासांत बदलायला सांगतो.

कृष्णाकाठ
मग जे तुम्ही गल्ल्यावर बसून सांगता, तेच पाकिटावर छापायला कंपनीला काय अडचण आहे?