गावात संडास झाले, हगवणही फारशी नाही, तरी लेकरांची उंची का वाढत नाही?

प्रश्न: अंगणवाडीताई (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

नमस्कार. आमचं गाव कागदावर हगणदारीमुक्त आहे, आणि पावसाळा सोडला तर बहुतेक घरं खरोखर संडास वापरतात. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं. तरी लेकरांचा वजनाचा आलेख सहाव्या महिन्यापर्यंत छान चढतो आणि मग आडवा होतो.

एक उदाहरण देते. मुलगी 14 महिन्यांची, वजन 7.5 किलो, आडवं मोजून लांबी 69.5 सेंमी, दंडघेर 12.9 सेंमी. पायावर सूज नाही. दोन महिन्यांत एकदाही हगवण नाही. आईचं दूध चालू आहे. आई वावरात जायच्या आधी सकाळी खीर करून ठेवते, आजी तीच दुपारपर्यंत भरवते. अंगणात दोन बकऱ्या आणि सात-आठ कोंबड्या. आजीचं म्हणणं, "आमचं घराणंच बुटकं." जुलाब नसताना पोटाचा दोष असू शकतो का? आणि सुरुवात कुठून करायची?

---

उत्तर 1: बालआरोग्य, वर्धा

ताई, मोजमापं व्यवस्थित दिलीत म्हणून नेमकं सांगता येतं. 14 महिन्यांच्या मुलीची मधली लांबी 76.4 सेंमी असते आणि खुजेपणाची रेषा 71 वर आहे. ही मुलगी त्या रेषेखाली आहे. पण दंडघेर 12.5 च्या वर असल्यामुळे ती रोड दिसत नाही, सॅम-मॅमच्या (तीव्र आणि मध्यम कुपोषणाच्या) यादीत येत नाही आणि कुणाच्या नजरेत भरत नाही.

आजीला सांगा की जागतिक आरोग्य संघटनेचा हा तक्ता करताना ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेबरोबर आपल्या दिल्लीतलीही मुलं मोजली होती. पोटभर सकस खाणारी, स्वच्छ घरातली ती मुलं सगळीकडे जवळपास सारखीच वाढली. पहिल्या पाच वर्षांत घराण्यापेक्षा खाणं आणि आजारपणच जास्त ठरवतं.

आता पोटाचं. जुलाब नसतानाही आतडं बिघडलेलं असू शकतं. लहान आतड्याच्या आतून मखमलीच्या लवीसारखे बारीक अंकुर असतात, अन्न तिथूनच शोषलं जातं. लेकराच्या तोंडात रोज थोडे थोडे विष्ठेतले जंतू जात राहिले की हे अंकुर आखूड आणि बोथट होतात. पेशींमधले सांधे सैल पडतात, जंतूंचे अंश रक्तात शिरतात आणि अंगात बारीक दाह धुमसत राहतो. त्यानं भूक मंदावते, खाल्लेलं पूर्ण शोषलं जात नाही आणि हाडं लांब करणाऱ्या संप्रेरकाचं काम दबतं. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. यावर गोळी नाही. त्याच्या तपासण्या संशोधनापुरत्या आहेत, त्यासाठी लेकराला शहरात हिंडवू नका.

संडासाबद्दल बोलायलाच हवं. ओडिशात 2014 साली छापलेल्या चाचणीत गावोगाव संडास वाढले, पण जुलाब, जंत आणि वाढ यांत फरक पडला नाही. बांगलादेश आणि केनियात (निष्कर्ष 2018) आणि झिंबाब्वेत (2019) साधे संडास, हात धुण्याची सोय आणि क्लोरीन देऊनही उंची वाढली नाही. बांगलादेशात जुलाब मात्र कमी झाले. या तिन्ही ठिकाणी उंचीत जो थोडा फरक दिसला तो पूरक आहार मिळालेल्या मुलांत. झिंबाब्वेत 6 ते 18 महिने रोज 20 ग्रॅम पौष्टिक पेस्ट दिल्यावर खुजेपण शेकडा 35 वरून 27 वर आलं. यावरून संडास बिनकामाचे आहेत असं कुणी म्हणू नये. मोठ्यांची घाण खड्ड्यात गेली, तरी लेकराच्या तोंडापर्यंत जाणाऱ्या बाकीच्या वाटा उघड्या राहतात, एवढंच त्यातून कळतं.

सुरुवात खिरीपासून करा. अंगण आणि हात त्याच आठवड्यात.

---

उत्तर 2: पाणी व स्वच्छता, दर्यापूर

अंगणाच्या वाटा मी सांगतो. रांगणारं लेकरू जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. झिंबाब्वेतल्या खेड्यांत तासन्‌तास बसून केलेल्या निरीक्षणात लेकरं माती आणि कोंबडीची विष्ठा खाताना दिसली होती. आपल्याकडेही शेणानं सारवलेलं अंगण, त्यावर फिरणाऱ्या कोंबड्या आणि तिथंच रांगणारं लेकरू, हेच चित्र असतं. कोंबड्या विकायला सांगू नका, कुणी ऐकणार नाही, आणि अंडी लेकरालाच हवी आहेत. त्यांना रात्री खुराड्यात आणि दिवसा लेकराच्या जागेपासून आडोशाच्या पलीकडे ठेवता येतं. लेकराला धुता येईल अशी प्लॅस्टिकची चटई द्या आणि ती रोज साबणानं पुसा. गोणपाट नको, तो ओल धरतो.

लेकराची शी 'निर्मळ' समजून उकिरड्यावर किंवा नालीत टाकतात. ती मोठ्यांच्या विष्ठेइतकीच घातक असते. ती संडासात जाऊ द्या. लंगोट आधी तिथंच खळबळून घ्या, मग साबणानं धुवा आणि कडक उन्हात वाळवा. भांडी घासायच्या दगडावर लंगोट धुणं बंद करा.

हात साबणानं कधी धुवायचे, तर लेकराची शी धुतल्यावर, शेणकूर केल्यावर, स्वयंपाकाआधी आणि भरवायच्या आधी. भरवणाऱ्या आजीचे हात सगळ्यात जास्त विसरले जातात. न्हाणीत साबण असतो, चुलीजवळ नसतो, म्हणून हात पदराला पुसले जातात. 5 लिटरच्या तेलाच्या कॅनला खिळ्यानं भोक पाडा, दोरीनं चुलीजवळ टांगा आणि साबण जाळीत घालून शेजारी लटकवा.

टीसीएल "पडतं" म्हणजे किती? हिशेब असा: व्यास × व्यास × पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) × 3.14 ÷ 4 × 1000 = लिटर. दर 1000 लिटरला चांगल्या पावडरीचे 2.5 ग्रॅम. विहीर 3 मीटर रुंद आणि पाणी 4 मीटर असेल तर सुमारे 28,000 लिटर भरतात, म्हणजे 70 ग्रॅम. बादलीत आधी घट्ट कालवा, मग पाणी वाढवा. 10 मिनिटं चुना खाली बसू द्या आणि फक्त वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून डोल वरखाली करा. तासाभरानं उपसा सुरू करा. घराघरांतून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी) घ्या. पिवळा रंग आलाच नाही तर बहुतेक वेळा पावडर मेलेली असते. पंचायतीच्या कोपऱ्यात उघड्या पोत्यात पडलेल्या टीसीएलमधला क्लोरीन उडून जातो आणि चुनाच उरतो.

घरात आणल्यावर तेच पाणी गडू बुडवून पुन्हा खराब होतं. माठाला तोटी किंवा लांब दांड्याचं ओगराळं हवंच. काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून दोन वर्षांखालच्या लेकराचं पाणी खळखळ उकळून, झाकून थंड करावं.

पावसाळ्यात लोक संडास का सोडतात, तेही बघा. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, खड्डा तुंबतो. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात काळ्या मातीसाठी खड्ड्याच्या बांधकामाबाहेर चारी बाजूंनी 30 सेंमी रेती-गिट्टीचा थर भरायचा असतो. तो खर्च वाचवला जातो आणि आषाढात मैला वर येतो. काही जण मग टाकीचा पाइप सरळ नालीत सोडतात. विहिरीपासून निदान 10 मीटर अंतर पाहिजे. एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्यात वळवा आणि पहिला दोन वर्षं उघडू नका.

---

उत्तर 3: पोषण, अमरावती

वरच्या दोघांशी सहमत, पण ताईंच्या प्रश्नातली खरी अडचण त्या सकाळच्या खिरीत आहे. तिच्यात दोन दोष आहेत.

पहिला दोष पातळपणाचा. 8 किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी जेमतेम 240 मिली मावतं. वाटीभर खिरीत 15 ग्रॅम पीठ असेल तर साधारण 55 कॅलरी मिळतात. पोट भरतं, लेकरू झोपतं, आणि आजीला वाटतं पोटभर जेवलं. एक ते दोन वर्षांच्या लेकराला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे 550 कॅलरी अन्नातून लागतात. तेवढ्यासाठी असल्या दहा वाट्या भरवाव्या लागतील.

त्याच वाटीत 40 ग्रॅम पीठ, 10 ग्रॅम दाण्याचा कूट, चहाचा एक चमचा तेल आणि सुपारीएवढा गूळ घातला तर 270-280 कॅलरी होतात. दोन वाट्यांत काम होतं. शिवाय वरणभात किंवा दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकर. पीठ तीन भाग ज्वारी आणि एक भाग मूगडाळ, वेगवेगळं भाजून दळलेलं. घरपोच आहाराचं पाकीट असेल तर तेच वापरा, फक्त वरून तेल आणि कूट घाला. सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे फेकून द्या, बुरशीचं विष त्यांतच जास्त असतं.

इथं घरोघरी एक घोटाळा होतो. 40 ग्रॅम पिठाची खीर शिजली की गोळा होतो, लेकरू थुंकतं, आई पाणी ओतते आणि खीर पुन्हा पातळ. यावर मोडाचं पीठ हा उत्तम उपाय आहे. अर्धा किलो गहू 12 तास भिजवा, ओल्या फडक्यात बांधून दाण्याएवढे मोड येऊ द्या, दोन दिवस उन्हात कडक वाळवा, चोळून मोड झटका, मंद आचेवर जरासेच परता आणि दळा. खरपूस भाजलं की त्यातलं पिष्ट फोडणारं द्रव्य मरतं, आणि मग तक्रार येते की "ताई, काहीच झालं नाही". घट्ट खीर चुलीवरून उतरवा, दोन-चार मिनिटं निवू द्या आणि चहाचा एक चमचा हे पीठ घालून ढवळा. डोळ्यांदेखत खीर सैल होते, पाण्याचा थेंब न घालता. मग पुन्हा दोन मिनिटं उकळा, कारण मोडाच्या पिठात जंतू असतात. खीर चमच्यातून हळू ओघळावी, धार लागू नये.

दुसरा दोष वेळेचा. सकाळी सातला केलेली खीर विदर्भाच्या उन्हात दोन तासांनंतर जंतूंचं शेत होते. क्लोरीनचं पाणी वापरूनही लेकराच्या पोटात सगळ्यात मोठा डोस याच वाटीतून जातो. म्हणून आईनं खीर शिजवून ठेवू नये. पीठ पूर्ण भाजलेलं असेल तर कोरडं डब्यात ठेवा, त्यात जंतू वाढत नाहीत. आजीनं वेळेवर पाणी उकळून, पीठ कालवून, दोन मिनिटं शिजवून द्यायचं. तेही जमत नसेल तर ठेवलेली खीर खळखळ उकळल्याशिवाय देऊ नये, आणि लेकराच्या उष्ट्या वाटीतलं उरलेलं ठेवू नये.

मोडाचं पीठ आणि तेल सहा महिने पूर्ण झाल्यापासून चालतं. तेव्हा दोन-तीन चमच्यांपासून दिवसातून दोनदा, आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी दोन-तीनदा, नवव्यापासून अर्धी वाटी तीन-चारदा, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी आणि मधे एक-दोनदा काही. सहा महिन्यांच्या आत मात्र घुटी नको, पाणीही नको, अगदी मे महिन्यातही. आईच्या दुधात शेकडा 87 भाग पाणीच असतं. दुधाची बाटली घरात असेल तर काढून टाका. बूच कितीही घासलं तरी आतून चिकट राहतं. वाटी-चमचा पुरतो.

काळा चहा-बिस्कीट आणि पाच रुपयांचे पुडे भूक मारतात. चहानं लोहही बांधलं जातं. लोहाचं सिरप 1 मिली आठवड्यातून दोनदा, ते चहाच्या वेळी देऊ नका. अमृत आहार या सरकारी योजनेतलं अंडं मिळत असेल तर ते लेकराच्याच पोटात जातं ना, बघा.

---

अंगणवाडीताई

फार उपयोग झाला. दोन शंका. आमच्याकडे गहू विकत घ्यावा लागतो, ज्वारी घरची असते. तिचे मोड चालतील का? आणि मधेच हगवण लागली तर हे खाणं थांबवायचं का?

---

उत्तर 3: पोषण, अमरावती

ज्वारीचे चालतात, पण जपून. कोवळी ज्वारी खाऊन ढोराला किराळ लागते हे तुमच्या गावात सगळ्यांना माहीत असेल. तेच विष ज्वारीच्या मोडात आणि मुळांत असतं, दाण्यात नाही. म्हणून कडक वाळवल्यावर दोन्ही हातांनी जोरात चोळायचं आणि सुपात पाखडून मोड-मुळ्या पूर्ण काढायच्या. ओले मोड वाटून लेकराला कधीच द्यायचे नाहीत. जमत असेल तर लेकरापुरता अर्धा किलो गहू घ्या, चमचा-चमचा वापरलं तर दोन-तीन महिने जातो. डब्यात ओला चमचा घालू नका.

उत्तर 1: बालआरोग्य, वर्धा

हगवणीत खाणं थांबवू नका, उलट बरं झाल्यावर दोन आठवडे एक वाटी जास्त द्या. आईचं दूध चालूच ठेवा. ओआरएसची मोठी पुडी 1 लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात, पूर्ण एकदाच कालवायची, 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा हळू. झिंक 20 मिग्रॅ रोज, 14 दिवस पूर्ण. सहा महिन्यांखाली अर्धी गोळी, आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की घरात गोळी बंद होते, तेव्हा 14 गोळ्यांची पट्टी मोजून बघत जा.

शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, पाणी पीत नाही, सुस्त पडलंय, किंवा जुलाब 14 दिवसांवर गेले तर लगेच 108 बोलवा. पोट फुगलं म्हणून पोटावर डागायला कुणी निघालं तर त्याच क्षणी अडवा. पोट फुगलेलं, हिरवी उलटी आणि शी-वारा बंद असेल तर ती आतडं अडकल्याची खूण असते, तिथं तासाचाही उशीर चालत नाही.

या मुलीला जंताची गोळी 10 फेब्रुवारी किंवा 10 ऑगस्टच्या फेरीत 200 मिग्रॅ, म्हणजे अर्धी, चुरून पाण्यात. लांबी दर महिन्याला मोजून उपयोग नाही, अर्ध्या सेंमीची चूक होतेच. वजन महिन्याला घ्या आणि लांबी तीन महिन्यांनी. तोच लांबीफळा, डोकं धरायला एक जण, गुडघे दाबायला दुसरा, दोनदा मोजून सरासरी. या वयात तीन महिन्यांत साधारण 3 सेंमी वाढ व्हायला हवी.