मदत हवी आहे: शेठसमोर तोंड कसं उघडू?

सर्वांना सलाम. मी मिरजेची. सांगलीत हळदीच्या एका अडतीवर हिशेब लिहिते. काट्यावर वजन एक दिसतं, पण शेतकऱ्याच्या पट्टीवर (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवर) पोत्यामागे अर्धा किलो कमी लिहायला लावतात. खोटी तागडी परमेश्वराला चालत नाही (बायबल, नीतिसूत्रे 11:1), हे संडे स्कूलला मुलांना शिकवते मीच! पण शेठ समोर आले की घशाला कोरड पडते. घर माझ्याच पगारावर चालतं.

निर्गम 4 मध्ये मोशे बोलायला कचरला, देव रागावला, तरी सोबतीला त्याचा भाऊ अहरोन दिलाच. मग मी एकटीनं बोलू की तोलणाऱ्या काकांना बरोबर घेऊ? आधी शेठशी, की थेट बाजार समितीकडे? अशा वेळी तुम्ही प्रार्थनेत नेमकं काय मागितलंत? नुसतं ‘विश्वास ठेव ताई’ नको.