शालेय शिक्षणाची तरतूद : वेतन आणि वेतनेतर

महाराष्ट्रात शालेय शिक्षणाची तरतूद दरवर्षी वाढते, मग शाळांकडे खडू-वीजबिलालाही पैसे का नसतात, हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर एकूण आकड्यात नसून त्या आकड्याच्या रचनेत आहे. या तरतुदीचा फार मोठा भाग जिल्हा परिषदांच्या शिक्षकांचे पगार आणि खासगी अनुदानित शाळांचे वेतन अनुदान यांवर खर्च होतो. संचमान्यतेत, म्हणजे शाळांची शिक्षकपदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेत, विद्यार्थिसंख्येवरून पदे ठरली आणि महागाई भत्ता वाढला, की नवे काहीही न करता तरतूद फुगते. अंशतः अनुदानित शाळांच्या वेतन अनुदानाचा 20, 40, 60 टक्क्यांचा टप्पा पुढे सरकतो तेव्हाही तेच घडते, आणि त्याची भरपाई बरेचदा पुरवणी मागण्यांतून, म्हणजे अर्थसंकल्पानंतर विधिमंडळाकडून मंजूर करून घेतलेल्या जादा तरतुदीतून, होते.

प्रत्यक्ष शाळेच्या हाती येते ते प्रामुख्याने समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान. या योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य 60:40 या प्रमाणात उचलतात. योजनेच्या निकषांनुसार 30 पर्यंत पट (विद्यार्थिसंख्या) असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, तर 31 ते 100 पटाला 25,000 रुपये मिळतात. त्यातील किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे, आणि उरलेल्यातून वीजबिल, किरकोळ दुरुस्ती व साहित्य भागवायचे. वाडीवस्तीवरच्या मुख्याध्यापकांनी खिशातून भर घातली नाही, तरच नवल! शिवाय केंद्राचा हप्ता लांबला, की अनुदान वर्ष सरत आल्यावर खात्यात येते आणि मार्चअखेर खर्चाची घाई सुरू होते. त्यामुळे चर्चा करायचीच असेल, तर वेतनेतर तरतूद वेगळी काढून, ती कोणत्या महिन्यात शाळेपर्यंत पोहोचते, हे आधी विचारावे.