माशांच्या टाकीसाठी थर्माकोल-सिमेंटचं बॅकग्राउंड: पीएच ९ च्या वर गेलाय, आता इपॉक्सी मारू का?

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी. टाकी ३६×१८×१८ इंच, वर कडेने काचेच्या पट्ट्या आणि मधोमध एक आडवी पट्टी. तिच्यासाठी थर्माकोल कोरून खडकाचा कडा केलाय: ८८×४३ सेमी, जाडी कुठे २ सेमी, कुठे ८, सरासरी ५ धरा. वरून पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटचे दोन हात दिले, दुसऱ्या हाताला आज १० दिवस झाले. मोठ्या टबात दगडाखाली दाबून बुडवलं तर दोन दिवसांत पाण्याचा पीएच ७.६ वरून ९.२. आता इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचं रेझिन) मारली तर चुना आत कोंडला जाईल का? चिकटवायला बाथरूमचं सिलिकॉन आणि सील करायला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा उरलेला अर्धा डबा चालेल का? टाकीत एंजल आणि टेट्रा मासे सोडायचे आहेत.

सातपूरचा सिक्लिड
डबा आधी बाजूला ठेवा. गच्चीच्या कोटिंगमध्ये शेवाळ आणि बुरशी मारणारी द्रव्यं असतात, ती माशांनाही सोडत नाहीत.

इपॉक्सीही आत्ता नको. १० दिवसांचं सिमेंट वरून कोरडं वाटलं तरी आत ओल असते. त्यावर इपॉक्सीचा पडदा ओढला की ती ओल बाहेर येताना फोड आणते. फोड फुटला की तिथून चुना निघतच राहतो, आणि मग ते खरवडणंही जिवावर येतं.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. त्या क्रियेत मोकळा चुना सुटतो, म्हणून ताज्या सिमेंटचं पाणी १२ च्या पुढे पीएच दाखवतं. पीपीसी घेतलंत ते बरं केलंत, त्यातली राख यातला थोडा चुना पुढे हळूहळू बांधून घेते. पण ती क्रिया सावकाश चालते, त्यामुळे २८ दिवस कमीत कमी धरा.

दोन हात कमी आहेत, तिसरा द्या. आधीच्या थरावर पांढरी साय आली असेल ती तारेच्या ब्रशने घासून काढा, पृष्ठभाग ओला करा. पहिल्या हाताला बासुंदीसारखा घोळ ठीक, पण तिसऱ्याला १ भाग सिमेंट, १ भाग चाळलेली बारीक वाळू आणि इडलीच्या पिठाइतकं घट्ट ठेवा. एकूण थर ३ मिमी झाला पाहिजे. कोपऱ्यात, खोबणीत ब्रश टोचून भरा. थर्माकोलचा पांढरा दाणा उघडा राहतो तो नेमका तिथेच. २४ तास हात लावू नका, मग तीन दिवस ओलं गोणपाट. नाशिकच्या कोरड्या हवेत गोणपाट दुपारपर्यंत कडक होतं, दिवसातून तीनदा पाणी मारा. त्यानंतर पुन्हा टबात. बुडवून ठेवल्याने क्युरिंग (सिमेंट पाण्याने घट्ट होणं) आणि धुणं एकाच वेळी होतं.

टबातलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदला. २८ दिवसांनंतर एकदा पांढऱ्या व्हिनेगरचा ब्रश फिरवा, फेस थांबला की खळखळून धुवा. संडास-बाथरूमचं ॲसिड वापरू नका, ते सिमेंटच खातं.

चाचणी अशी घ्या: त्याच नळाचं पाणी एका बादलीत नुसतं ठेवा आणि ४८ तासांनी टब आणि बादली दोन्हींचा पीएच बघा. नळाचं पाणी नुसतं उघडं ठेवलं तरी त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून पीएच थोडा चढतो, म्हणून तुलना बादलीशी करायची, पहिल्या दिवशीच्या आकड्याशी नाही. फरक ०.२ च्या आत सलग तीन वेळा आला की धुणं झालं.

खडकमासा
वरच्या उत्तराशी सहमत. पण तिसरा हात देण्याआधी एक गोष्ट बघा. मधली पट्टी असताना ८८ सेमीचा अखंड तुकडा टाकीत उतरणार नाही. आत्ताच तीन तुकडे करा, सरळ रेषेत नाही, कोरलेल्या भेगेच्या वाकड्या रेषेत, म्हणजे सांधा दिसत नाही. कापलेल्या कडांवरही सिमेंट द्या.

दुसरं, तरंगणं. ८८×४३×५ म्हणजे जवळपास १९ लिटर पाणी बाजूला सरतं, तेवढ्याच किलोंचा रेटा वर लागतो. थर्माकोलचं वजन ४०० ग्रॅमही नाही. ३ मिमीचा सिमेंटचा थर हवेत ३ किलो भरला तरी पाण्यात दीडच किलो. म्हणजे कडा साधारण १७ किलोच्या रेट्याने कायम वर उसळायला बघणार. खाली खडी भरून तो थांबत नाही.

म्हणून मागची बाजू सिमेंटशिवाय ठेवा. व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही, त्यातलं आम्ल सिमेंटच्या चुन्याशी भिडतं आणि मधला थर सुटतो. काचेला आणि स्वच्छ थर्माकोलला मात्र पक्कं बसतं. सुटे दाणे झाडून घ्या, नाहीतर सिलिकॉन दाण्याला चिकटतं आणि दाणा निघून येतो.

बाथरूमचं सिलिकॉन नको, त्यात बुरशीनाशक असतं. शंभर टक्के सिलिकॉन, बुरशीरोधक असं काही न लिहिलेलं, २८० मिलीच्या तीन नळ्या. पूर्ण पाठीवर फासू नका. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर पिकतं, मधोमध कोंडलेला थर महिनाभर कच्चा राहतो. उभ्या रेषा ओढा, ५-६ सेमी अंतराने, वरून हवा जाईल अशा. टाकी पाठीवर आडवी करा (दोघांनी, खाली थर्माकोलची शीट), तुकडे दाबा, २४ तास वजन ठेवा. वरची कड काचेच्या पट्टीखाली अडकेल अशी उंची ठेवलीत तर सगळा रेटा एकट्या सिलिकॉनवर येत नाही. मग चारही कडा आणि सांधे बंद करा. मागे फट राहिली तर छोटा टेट्रा आत शिरून अडकतो आणि गाळ कुजतो. पाणी भरण्याआधी सात दिवस, थंडीत दहा.

इंदिरानगरकर
तुकड्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. मग इपॉक्सी शेवटी लागते की नाही? आणि रंगाचं काय?

टेट्रावाला
आफ्रिकेच्या मोठ्या तळ्यांतले सिक्लिड मासे असते तर नको म्हटलं असतं, त्यांना ८ च्या आसपास पीएचचं कठीण (जास्त क्षारांचं) पाणी आवडतंच. टेट्रा आणि एंजलसाठी मऊ पाणी ठेवणार असाल तर मारा. मऊ, आम्लाकडे झुकणारं पाणी धुतलेल्या सिमेंटमधूनही हळूहळू चुना ओढत राहतं. वर पीएच चढला की माशांच्या घाणीतून येणाऱ्या तेवढ्याच अमोनियाचं विष वाढतं.

डब्यावर पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठी चालेल असं लिहिलेली, सॉल्व्हंट नसलेली दोन भागांची इपॉक्सीच घ्या. सॉल्व्हंटवाली सिमेंटच्या सुईएवढ्या छिद्रातून थर्माकोलला पोचते आणि आत पोकळी करते. फायबरच्या कामाचं पॉलिएस्टर रेझिन तर त्याला सरळ विरघळवतं. कडा उंचसखल असल्याने क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरा, दोन हातांना ३५०-४०० ग्रॅम पुरते. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते वाचा आणि काट्यावर मोजा. हार्डनर (घट्ट करणारा दुसरा भाग) अंदाजाने ओतला तर चिकटपणा कधीच जात नाही. एका वेळी २०० ग्रॅमच कालवा, जास्त कालवलं की भांड्यातच तापून घट्ट होतं. दुसरा हात पहिला बोटाला चिकटत असतानाच. त्यावर धुऊन वाळवलेली सिलिका वाळू भुरभुरवा, प्लॅस्टिकसारखी चकाकी जाते.

सध्याच्या थंडीत सकाळी हे काम काढू नका. १५ अंशांखाली इपॉक्सी रेंगाळते आणि वर तेलकट थर येतो. दुपारी ११ ते ४, घरात. तेलकट थर आलाच तर कोमट पाण्याने पुसून काढा. सात दिवस पिकू द्या, मग पुन्हा ४८ तासांची बादलीची चाचणी.

रंग तिसऱ्या हातातच घाला. फरशीत घालतात ते काळं आणि पिवळं ऑक्साइड, सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, थर भुसभुशीत होतो. दुकानात नुसतं रेड ऑक्साइड मागितलं तर लोखंडाचा प्रायमर हातात देतील, तो नाही. आणि ब्रह्मगिरी किंवा अंजनेरीच्या कड्यासारखं दिसायला हवं असेल तर आडवे थर कोरा, उभे सुळके नको. आपला बेसॉल्ट थरावर थर रचलेला असतो, आडव्या रेषांमध्ये तुकड्यांचे सांधेही लपतात.

हीटर कड्यापासून दोन-तीन इंच लांब. पाणी बदलताना तो उघडा पडून चालू राहिला तर इपॉक्सीखालचं थर्माकोल वितळतं.