बारा वर्षांवरच्यांना संध्याकाळी बागेत घ्यावं का?

चिऊची_आई
मुंबईच्या पश्चिम उपनगरात राहते. सोसायटीला मैदान नाही, म्हणून साडेतीन वर्षांच्या लेकीला रोज संध्याकाळी पालिकेच्या बागेत नेते. दोन घसरगुंड्या, चार झोपाळे, एक सी-सॉ आणि पलीकडे मातीचा मोकळा तुकडा, एवढीच बाग. साडेपाचला पोचावं तर आठवी-नववीतली दहा-बारा मुलं आधीच हजर. निम्मी मातीत क्रिकेट खेळतात, ज्यांची बॅटिंग नसते ती झोपाळ्यावर उभी राहून झोके घेतात. मागच्या मंगळवारी बॉल घसरगुंडीच्या शिडीवर आदळला, लेकीच्या डोक्याच्या वीतभर वर. फाटकावर पाटी आहे: 'खेळणी फक्त १२ वर्षांखालील मुलांसाठी'. वॉचमन म्हणतो, "ताई, ऐकत नाहीत." माझं म्हणणं सरळ आहे. पाच ते सात बारा वर्षांवरच्यांना आत सोडूच नये. त्यांच्यासाठी मैदानं आहेत. पटतंय का?

बाकावरचे_आजोबा
शंभर टक्के. नातवाला घेऊन जातो. झोपाळ्याची साखळी वर जिथे अडकवलेली असते ती कडी मोठ्यांच्या वजनाने झिजते. तक्रार केली की माणसं येतात आणि झोपाळाच काढून नेतात. मग सहा-सहा महिने नुसता सांगाडा. आणि बॉलपेक्षा मला शिव्यांचा त्रास जास्त. नातू घरी येऊन काय काय विचारतो!

गल्ली_कप्तान
मी नववीत आहे, म्हणजे ज्यांना आत सोडू नये त्यांच्यापैकी एक. काकू, मैदानं कुठली ते सांगा ना. आमच्याकडच्या मैदानात अर्ध्या भागात कोचिंगची नेट, उरलेल्यात सीझन बॉलवाले मोठे दादा. आम्ही गेलो की "ए, बाजूला". टर्फ तासावर भाड्याने मिळतो, तो खिशाला परवडत नाही. सोसायटीत पाटी, 'पार्किंगमध्ये खेळू नये'. शाळा सुटून क्लास सुरू होईपर्यंत दीड तास मिळतो आणि तो नेमका तुमच्याच वेळेत येतो. शिव्यांचं मान्य, आजोबा.

चिऊची_आई
तुझी अडचण कळते रे. पण ती माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीने का सोडवायची?

मैदानावरचा_सर
शाळेत पीटी शिकवतो. आधी बॉल कुठला ते सांगा. सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, टेनिस बॉल ५६ ते ५९ ग्रॅमचा. सीझन बॉल बागेत दिसला तर मी स्वतः जप्त करेन. टेनिस बॉल असेल तर खरा प्रश्न आहे पीच कुठल्या दिशेला आहे. बहुतेक ठिकाणी पोरं भिंत स्टंपामागे घेतात, बॉल आणायला पळावं लागू नये म्हणून. मग प्रत्येक फटका समोर, खेळण्यांकडे. पीच फिरवा, बॅट्समनचं तोंड भिंतीकडे करा, कीपर लावा. आणि गल्लीत कुणाच्या घरात बॉल गेला की आउट असतो ना, तसं घसरगुंडीच्या बाजूला मारला की आउट. पोरं वॉचमनला जुमानत नाहीत, पण आउटचा नियम कुणी मोडला तर आपसातच भांडतात.

चिऊची_आई
सर, टेनिस बॉल डोळ्यावर बसला तर? आणि तुमचा नियम पाळला जातोय की नाही हे बघत मी उभी राहायची?

दोघींचा_बाबा
सगळी चर्चा मुलांचीच चाललीय. माझी थोरली तेरा वर्षांची. तिला बॅट नको असते, मैत्रिणीबरोबर झोपाळ्यावर बसून तासभर गप्पा मारायच्या असतात. एका आजीबाईंनी "एवढ्या मोठ्या घोड्या" म्हटल्यापासून जायचीच बंद झाली. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराने नव्वदच्या दशकात पाहणी केली, तेव्हा साधारण नवव्या वर्षानंतर मुली बागांमधून कमी होत जातात असं दिसलं. त्यावर त्यांनी १९९९ मध्ये दोन बागा नव्याने आखल्या, एका मोठ्या मैदानाचे लहान लहान तुकडे केले. तुमच्या बंदीत पहिली बाहेर जाईल ती माझी मुलगी. क्रिकेटवाले भिंतीवरून उडी मारून येतीलच.

नकाशावाला
केंद्राच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शिकेत शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलंय. मुंबईचा नेहमी सांगितला जाणारा आकडा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे. सतरंजीएवढ्या जागेसाठी भांडतोय आपण. आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या (१९८९, भारताने १९९२ मध्ये स्वीकारला) ३१ व्या कलमात खेळाचा हक्क आहे. त्या करारात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. बारा ही रेघ पाटी रंगवणाऱ्याची.

चिऊची_आई
कराराने झोपाळा रिकामा होत नाही हो.

नकाशावाला
नाही होत. पण बऱ्याच बागा दुपारी कुलूपबंद असतात. मे महिन्याचं ऊन सोडलं तर तीन वाजता फाटक उघडायला काय हरकत आहे? सकाळच्या शाळेची मोठी मुलं तेव्हा खेळून घेतील, साडेपाचची गर्दी आपोआप कमी होईल. प्रभाग कार्यालयात अर्ज द्यायचाच असेल तर बंदीचा देण्यापेक्षा हा द्या.

बाकावरचे_आजोबा
तीनला उघडलं तर पत्त्यांचे डाव बसतील. आमच्याकडे झालंय. तरी अर्जावर सही करेन.

चिऊची_आई
चार दिवसांनी लिहितेय. अर्ज दिला, पोच मिळाली, पुढे काही नाही. बागेत मात्र पीच फिरलेलं दिसलं. आज एक जण घसरगुंडीकडे मारून आउट झाला आणि पाच मिनिटं भांडत होता, सरांचं खरं निघालं. माझं मत अजून तेच आहे, पाच ते सात लहानांचेच असावेत. चारही झोपाळे आजही मोठ्यांकडेच होते.

गल्ली_कप्तान
काकू, बागेचं नाव नव्हतं, पण तो आउट झालेला बहुतेक मीच. झोपाळ्यांचं सांगतो सगळ्यांना. एक तरी आम्हाला राहू द्या, डावीकडचा. तो उंच आहे, छोट्यांना चढताच येत नाही.

चिऊची_आई
डावीकडचा नाही, तेवढाच सावलीत आहे. मी उचलून बसवते तिला. उजवीकडचा घ्या.