एल साल्वादोर: दाटी आणि देणग्या

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरबद्दल एक म्हणणं असं की एवढ्याशा देशात माणसंच मावत नाहीत, मग परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांनी गरिबांसाठी कितीही घरं बांधली तरी गरिबी राहणारच. दाटी खरी आहे. जेमतेम २१ हजार चौरस किलोमीटरमध्ये साठ लाखांवर लोक. पण दोष सगळा दाटीचा नाही. १८८१-८२ मध्ये कॉफीच्या मळ्यांसाठी गावांच्या सामाईक जमिनी कायद्यानेच मोडीत काढल्या, आणि चांगली जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात गेली. पुढे लाखो भूमिहीन पोट भरायला शेजारच्या होंडुरासमध्ये गेले. या दोन देशांतल्या १९६९च्या युद्धाच्या सुमारास त्यातल्याही हजारोंना परत हाकललं.

या म्हणण्यात न आलेली गोष्ट म्हणजे परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, गेलेल्या नातेवाइकांकडून घरी येणारा पैसा. २०२३ मध्ये तो ८ अब्ज डॉलरच्या वर होता, म्हणजे देशाच्या जीडीपीचा जवळपास चौथा हिस्सा. परदेशी देणग्या यापुढे किरकोळच. शिवाय हा पैसा थेट घरात येतो, मधे ना अहवाल ना फीत कापायचा कार्यक्रम. अडचण एवढीच की ज्यांचं कुणी तिकडे नाही, त्यांच्या हाती यातलं फारसं काही लागत नाही. संस्थांनी आधी अशी घरं शोधावीत, असं मला वाटतं.